सुतळी

हात दे. डावा.
कोपराच्या खोबणीतली ती शीर अजून तशीच,
जाळं विणायला सुतळी ताणून ठेवावी तशी कडक.
दाबली की तू तोंड फिरवतोस खिडकीकडे,
जिथून सरोवर दिसत नाही,
दिसतो फक्त मूसाच्या सायकल-दुकानाचा पत्रा.

गोळी घे, वोंगानी.

तुला वाटतं मी विसरले.
लिंबानीच्या वेळी बाटल्या संपल्या होत्या.
दवाखान्यानं कपाट उघडून दाखवलं,
खालच्या फळीवर एक वाळलेली पाल.
मग गोळ्याच दिल्या, मूठ-मूठ.
तो शहाण्या पोरासारखा गिळत राहिला
आणि डोकं ठणकतच राहिलं.
उजेड नको. भांड्याचा आवाज नको.
शेवटी आईचा हातही नको.
चौदाव्या दिवशी तुम्ही भावांनी त्याला
मासळीच्या ट्रकमधून घरी आणलं,
बर्फाच्या पेट्या एका बाजूला सरकवून.

तेव्हापासून तुझा गोळीवर राग.
मला तो कळतो. तरी घे.

झोंबाला तुझ्या वाट्याला बाटली आली,
चांदीच्या कागदात गुंडाळलेली.
आत हळदीच्या पाण्यासारखं काहीतरी.
मी म्हटलं, पेल्यात ओता, पाजते.
आतुपेले सिस्टर हसली नाही.
म्हणाली, पोटाला याची ओळखच नाही,
आलं तसं निघून जाईल, रक्ताला पत्ता लागणार नाही.
याला दार एकच, शिरेचं.

आणि ते दार केवढ्यानं वाजलं!
पहिल्याच तासात तुझी दातखीळ, मग हुडहुडी,
कॉटचे पाय फरशीवर टकटक टकटक.
तुझ्यावर तीन चितेंजे घातले,
चौथं माझ्या कमरेचं सोडून घातलं,
आतल्या परकरावर उभी राहिले सगळ्या वॉर्डासमोर.
ओरडले, बंद करा, मारताय तुम्ही त्याला.
ती म्हणाली, त्याला नाही, त्याच्या डोक्यातल्या बुरशीला.
पण रोज सकाळी तुझं रक्त नेत होती,
मूत्रपिंडं काय म्हणतात ते बघायला.
म्हणजे थोडं तुलाही मारत होते, हे मला समजलं.
मी केळी कुस्करून आणायची. सिस्टरनं सांगितलं होतं,
रक्तातलं काहीतरी घसरतंय.

गोळीचं वेगळं.
ती गरिबाघरच्या सुनेसारखी,
कुठल्याही वाटेनं येते, गाजावाजा नाही,
पोटातून रक्तात, रक्तातून थेट मेंदूच्या पाण्यात.
पण आत जाऊन घाव घालत नाही.
नुसती दटावून बसवते.
भरल्या घरात चोर शिरलेले असताना
एकट्या दटावणीनं काय होतं,
ते आपण लिंबानीत पाहिलं.

आता चोर गेलेत. एखादा माळ्यावर असेल.

अजून एक सांगते, आजवर सांगितलं नव्हतं.
तू बेशुद्ध होतास त्या दिवसांत
बाटलीच्या जोडीला गोळ्याही होत्या.
सिस्टर भुकटी करायची, मी पेला धरायचे,
नाकातल्या नळीतून हळूहळू सोडायचो.
जिला तू थुंकतोस ना,
तीही तुझ्या उशाशी जागत होती.

बाटली घरी येत नाही.
तिला कॉट लागते, खांब लागतो, जागी बाई लागते.
गोळी माझ्या वजनांच्या डब्यात मावते,
उसिपा तोलता तोलता काढते रोज एक,
गिऱ्हाइकाला वाटतं, छटाक शोधतेय.
शेजारणीला कळणार नाही, त्याची काळजी नको.
वर्षभर, म्हणाली सिस्टर. आज एकसष्टावा दिवस.
कालची मला चुलीच्या राखेत सापडली,
पांढरी, अर्धी विरघळलेली.
मी काही बोलले नाही. आज बोलतेय.

बघ, हात सोडला.
शिरेची सुतळी सैल पडेल कधीतरी, नाही तर नाही.
जाळी विणायला दुसरा हात आहे.
पाणी तुझ्या उजव्या बाजूला ठेवलंय.